भिंत रिकामी आहे, पण घाई नको!

गेल्या महिन्यात या सदराच्या नावावर चेन्नईहून एक पत्र आलं. पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी मूळच्या सांगलीकडच्या. यजमानांच्या बदलीमुळे तीन वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या. पत्रातला मजकूर साधारण असा: ‘ताई, वेलाचेरीला आमचा स्वतःचा फ्लॅट झालाय. हॉलची मोठी भिंत रिकामी आहे. यांना यंदा बोनसही बरा मिळालाय. घरात एखादी चांगली कलावस्तू असावी असं दोघांनाही वाटतं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कारैकुडीच्या जुन्या चेट्टियार घरातली दोनशे वर्षांची पार्वतीची पंचधातूची मूर्ती देतो म्हणतात. बाजारात चौपट किंमत आहे म्हणे. पण दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, म्हणून रविवारपर्यंत कळवा असा निरोप आहे. घेऊ का?’

एरवी पत्रांची उत्तरं या पानावरच देण्याचा आमचा शिरस्ता. पण अंक छापून होईपर्यंत किती रविवार उलटले असते! पत्राखाली फोन नंबर होता. लगेच फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पावती देणार आहेत का?’

‘नाही हो ताई. जुन्या वस्तूंची पावती नसतेच, असं म्हणाले.’

‘मूर्ती ज्या घरातून आली त्या घराचं नाव?’

‘ते सांगता येत नाही म्हणाले. घरच्यांची इभ्रत असते ना!’

झालं. पुढचं विचारायची गरजच उरली नाही. मी त्यांना म्हटलं, ‘हे पाहा, ही मूर्ती खोटी असेल तर तुमची फसवणूक आहे. आणि देव न करो, पण खरी असेल तर त्याहून वाईट आहे.’

पलीकडे जरा वेळ शांतता. खरी मूर्ती मिळणं वाईट कसं, हे त्यांना समजेना. त्यांनाच काय, पुष्कळांना समजत नाही. म्हणून आधी तेवढं सांगते.

आपल्याकडे १९७२ सालचा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे. तो १९७६च्या एप्रिलपासून अंमलात आला. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं वगैरे या कायद्याने ‘पुरावस्तू’ ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू घरात ठेवणं गुन्हा नाही, हे आधी लक्षात घ्या. आजेसासूबाईंच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण कुणी उचलून नेणार नाही! पण धातूच्या आणि दगडाच्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. मालक बदलला की तेही कळवावं लागतं. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. आणि खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर नेताच येत नाही.

आता आमच्या भगिनींच्या पार्वतीकडे पाहा. मूर्ती खरोखरच दोनशे वर्षांची असेल, तर विकणाऱ्याकडे परवाना हवा आणि मूर्तीची नोंद हवी. दोन्हीचा पत्ता नाही. वर कुठून आली ते सांगायची तयारी नाही. तमिळनाडूत अशी मूर्ती सहसा कुठून आलेली असते हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. ती देवळातून आलेली असते. मूर्तिचोऱ्यांसाठी तिथल्या पोलिसांनी १९८३ पासून वेगळी शाखाच उघडली आहे, यावरून काय ते समजा. चोरीचा माल घेणारा ‘मला माहीत नव्हतं’ म्हणाला, तरी चौकटीत उभं राहायचं त्यालाच.

मोठमोठे लोकही यात कसे अडकतात त्याचा एक खरा किस्सा. अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान नावाचं खेडं आहे. तिथल्या चोळकालीन शिवमंदिरातला नटराज चोरीला गेला आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने तो न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. कागदपत्रं नव्हती असं नाही. मूर्ती १९७२च्या कायद्याआधीच भारताबाहेर गेली होती, असं सांगणारी कागदपत्रं होती. ती बनावट निघाली! हे उघडकीला यायला पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने मंदिरात पूर्वी काढून ठेवलेल्या फोटोंचा मोठा उपयोग झाला. २०१४च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नटराज स्वतः दिल्लीत आणून परत दिला. कपूरला मूर्तिचोरीच्याच एका खटल्यात कुंभकोणमच्या न्यायालयाने २०२२ साली दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

संग्रहालयाकडे तज्ज्ञ होते, वकील होते, तरी ही गत. मग बोनसच्या पैशांतून खरेदी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी किती जपावं?

दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी ही बाई स्वतः कधी फसली नाही की काय, असं तुमच्या मनात आलं असेल. फसले ना! चांगली फसले. बारा वर्षांपूर्वी दिवाळी अंकाच्या मानधनात थोडी भर घालून मी चेन्नईतच एक तंजावूर चित्र घेतलं होतं. लोणी खाणारा गुटगुटीत कृष्ण, सोन्याचा वर्ख, लाल-हिरवे खडे. ‘आजोबांच्या वेळचं आहे अम्मा,’ असं दुकानदाराने सांगितलं आणि मी ते ऐकून घेतलं. खरं तर तंजावरचं नाव काढलं की आपण मराठी माणसं जरा हळवी होतो. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य स्थापलं. पुढे सरफोजीराजे दुसरे यांच्यासारख्या रसिक राजांच्या आश्रयाने ही चित्रकला बहरली. तेव्हा ‘हे आपलंच’ असं वाटून मी चित्र उराशी धरून घरी आणलं.

दोन पावसाळे गेले आणि कृष्णाचा मुकुट काळवंडायला लागला. फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने मागचा पुठ्ठा काढला, तर आत प्लायवूड आणि त्यावर कंपनीचा शिक्का! फ्रेमवाला हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

प्लायवूड वापरणं हा काही गुन्हा नाही, बरं का. पूर्वी ही चित्रं फणसाच्या लाकडाच्या फळीवर करत. फळीवर कापड चिकटवायचं, चुन्याची भुकटी आणि डिंक यांच्या लगद्याने दागिने, कमानी, वस्त्रांचे काठ यांना उठाव आणायचा, खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख लावायचा आणि मग रंग भरायचे, अशी रीत. आज चांगले कारागीरही प्लायवूडच वापरतात. माझी तक्रार प्लायवूडबद्दल नाही, आजोबांबद्दल आहे. नवं चित्र नवं म्हणून विकलं असतं, वर्ख बावीस कॅरेटचा की नकली हे पावतीवर लिहून दिलं असतं, तर माझं म्हणणं काही नव्हतं. अस्सल सोनं काळं पडत नाही. नकली वर्ख पडतो. पण दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली दोन्ही सारखेच चमकतात. म्हणून ते लिहूनच घ्यायचं. तो कृष्ण अजून माझ्याकडे आहे. काढून टाकवत नाही.

तर आमच्या वेलाचेरीच्या भगिनी. योगायोग असा की त्याच आठवड्यात मी आत्याकडे चेन्नईला जाणार होते. आत्या गेली चाळीस वर्षं पश्चिम माम्बळममध्ये राहते. आत्याचे यजमान पेरंबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. ती मराठीइतक्याच झोकात तमिळ भांडते. तिला हा प्रकार सांगितला तर म्हणाली, ‘अगं, त्या पोरीला आधी म्युझियममध्ये ने. चांगलं पाहिलेलं नसलं की वाईटही चांगलं दिसतं.’

शनिवारी सकाळी आम्ही तिघी एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात गेलो. (शुक्रवारी ते बंद असतं, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) १८५१ साली सुरू झालेलं हे संग्रहालय. तिथलं ब्राँझ मूर्तींचं दालन म्हणजे डोळ्यांना शिकवणी लावल्यासारखं आहे. तिरुवालंगाडूचा नटराज पाहा, तिरुवेण्काडूचा अर्धनारीश्वर पाहा. एकाच देहाची एक बाजू पुरुषाची, दुसरी स्त्रीची, आणि दोन्हींचा तोल कंबरेपाशी कसा वळलाय ते पाहत उभं राहावं. आत्या अर्धा तास एकाच मूर्तीसमोर उभी होती. आमच्या भगिनी आधी भराभर पुढे गेल्या. मग परत आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, मला दाखवलेल्या पार्वतीची बोटं अशी नव्हती. सगळी एकाला एक चिकटल्यासारखी होती.’ शिकवणीचा पहिला धडा पाऊण तासात झाला!

पार्वतीच हवी असेल तर नवी घ्या ना! कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला आजही स्थपती जुन्याच पद्धतीने मूर्ती ओततात. आधी मेणाची संपूर्ण मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव. चेन्नईत अण्णा सालईवर तमिळनाडू सरकारच्या ‘पूम्पुहार’चं दुकान आहे. तिथे पावतीसकट मिळते. हीच नवी मूर्ती काही महाभाग जमिनीत पुरतात, रसायनं चोपडतात, हिरवट पुट चढवतात आणि ‘दोनशे वर्षांची’ म्हणून विकतात. मूल तेच, फक्त जन्मदाखला खोटा!

एक जाता जाता. ज्यांची मुलं अमेरिकेत वगैरे आहेत आणि त्यांच्यासाठी अशी मूर्ती न्यायची आहे, त्यांनी पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र आधीच घ्यावं. जुन्या घडणीची वस्तू विमानतळावर अडकली की तिथे पावती दाखवूनही भागेलच असं नाही.

दुपारी मात्र मी दोघींना चित्रांकडे नेलं, कारण भिंत होती, कोनाडा नव्हता! ईस्ट कोस्ट रोडने इंजांबाक्कमला गेलं की चोळमंडल हे कलाकारांचं गाव लागतं. त्याची कथा मला फार आवडते. के. सी. एस. पणिक्कर हे मद्रासच्या कलाशाळेचे प्राचार्य. शिकून बाहेर पडलेल्या मुलांना चित्रं विकून पोट भरता येत नाही, मग ती कुठेतरी नोकरीला लागतात आणि चित्रकला सुटते, हे ते पाहत होते. तेव्हा गुरू-शिष्यांनी मिळून तोडगा काढला. दिवसाचा काही वेळ बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करायच्या, त्या विकून पैसे जमवायचे आणि उरलेल्या वेळात आपल्याला हवी तशी चित्रं काढायची. त्या पैशांतून समुद्राकाठी दहाएक एकर जमीन घेतली आणि १९६६ साली तिथे वस्ती केली. स्वतःची घरं, स्वतःचे स्टुडिओ. सरकारकडे हात पसरला नाही की कुणा शेटजीकडे.

आज तिथे ‘मद्रास चळवळी’चं संग्रहालय आहे. पणिक्करांची अक्षरं आणि चिन्हं यांची चित्रं, त्यांचे चिरंजीव नंदगोपाल यांची धातुशिल्पं, आणि के. रामानुजम या ऐन तारुण्यातच आयुष्य संपलेल्या चित्रकाराची शाईची अद्भुत स्वप्ननगरी, असं पुष्कळ पाहायला मिळतं. शेजारी विक्रीची दालनं आहेत. तिथे किंमत विचारायला लाजायचं नाही, ही पहिली गोष्ट. आमच्या भगिनी एका चित्रासमोर दहा मिनिटं उभ्या होत्या आणि किंमत विचारायला मला पुढे करत होत्या! साडीच्या दुकानात पन्नास साड्या काढायला लावणाऱ्या आपण, चित्राच्या दुकानात मात्र परीक्षेला बसल्यासारख्या का होतो?

किंमत कशी ठरते, हेही विचारावं. एकाच कलाकाराची दोन चित्रं असतील तर आकार, माध्यम आणि साल पाहून साधारण अंदाज येतो. कागदावरचं काम कॅन्व्हासपेक्षा सहसा स्वस्त. फार आवडलं आणि बजेटबाहेर असलं तर हप्त्यांनी देता येईल का, असं विचारायला हरकत नाही. पुष्कळदा ‘हो’ येतं. मात्र मेथीची जुडी घेतल्यासारखी घासाघीस नको. समोर उभा असतो तो बरेचदा स्वतः चित्रकारच.

आणि कागद! कलाकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, साल आणि सही, एवढं असलेली पावती किंवा दाखला घ्यायचा. चित्रकार भेटला तर चित्रासोबत त्याचा एक फोटो काढून ठेवावा. बनावट कागदांचा किस्सा वर सांगितलाच. म्हणून नवशिक्याने शक्यतो हयात कलाकाराचं काम त्याच्याकडून किंवा तो जिथे स्वतः काम देतो त्या दालनातून घ्यावं. मग कागद आणि माणूस दोन्ही समोर असतात. फार मोठ्या नावाचं चित्र फार थोड्या पैशांत कुणी देऊ लागलं तर सरळ चपला घालून बाहेर पडावं. २००९ साली दिल्लीत सय्यद हैदर रझा आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, तेव्हा भिंतीवरची बहुतेक चित्रं त्यांनी काढलेलीच नव्हती! त्यांनी स्वतः सांगितलं म्हणून कळलं. गेलेल्या कलाकाराने कुठून सांगावं?

चोळमंडलहून परतताना भगिनींचा चेहरा थोडा उतरला होता. आवडलेलं चित्र बोनसच्या बाहेरचं होतं. मग आत्याने उपाय सुचवला. ग्रीम्स रोडवर ललित कला अकादमीचं केंद्र आहे. तिथे प्रदर्शनं भरतात आणि मुद्राचित्रण करणारे तरुण कलाकार काम करतात. मुद्राचित्र म्हणजे छापील पोस्टर नव्हे. कलाकार तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर, लाकडावर किंवा दगडावर चित्र कोरतो वा रेखाटतो, मग स्वतः यंत्रावर त्याच्या मोजक्या प्रती काढतो. खाली पेन्सिलीने १२/४० असं लिहिलेलं असतं, म्हणजे चाळीसपैकी बारावी प्रत. शेजारी सही. प्रत्येक प्रत अस्सलच, पण चाळीस जणांत वाटली गेल्यामुळे किंमत आवाक्यातली. भिंग लावून पाहिलं तर पोस्टरमध्ये बारीक रंगीत ठिपके दिसतात, हाताने काढलेल्या मुद्राचित्रात दिसत नाहीत. आपल्या आजीच्या घरातली रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी-सरस्वती आणि हल्ली ‘अँटिक’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या तिच्या नव्या नकला यांतला फरकही याच भिंगाने पुष्कळदा कळतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकांनी हिरमुसू नये. जहांगीर कलादालन आहे, बाहेर फुटपाथवर बसणारे चित्रकार आहेत, जे. जे. स्कूलचं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन आहे. कलामहाविद्यालयांच्या अशा प्रदर्शनांत पहिलं चित्र घेण्यासारखी मजा नाही.

नफ्याचं विचाराल तर मी हात जोडते. चार वर्षांत दुप्पट होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. विकायला गेल्यावर गिऱ्हाईक शोधणं किती अवघड असतं ते विकायला गेल्यावरच कळतं. घरातल्या वस्तू विकल्या तर कर नाही, हा समजही इथे चालत नाही. चित्रं आणि शिल्पं २००७ सालच्या दुरुस्तीपासून त्या सवलतीतून वगळलेली आहेत, म्हणजे नफा झाला तर प्राप्तिकर आलाच. म्हणूनही पावती जपून ठेवा. चित्र तुमचं झालं तरी त्याच्या प्रती काढून विकण्याचा किंवा कॅलेंडरवर छापण्याचा हक्क सहसा कलाकाराकडेच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

चेन्नई काय नि कोकण काय, दमट हवेत कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. बाहेरच्या ओलसर भिंतीवर चित्र लावू नका, थेट ऊन येतं तिथेही नको. कागद काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट हवा आणि तो आम्लमुक्त पुठ्ठ्याचा, हे फ्रेमवाल्याला निक्षून सांगा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. तंजावूर चित्र देवघरात लावणार असाल तर समई आणि उदबत्तीपासून हातभर लांब ठेवा. ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी सणाआधीच्या साफसफाईत असाच गणपती पुसला आणि खड्यांसकट वर्ख फडक्यावर आला.

रविवारी त्या मूर्तीवाल्या गृहस्थांना फोन गेला. ‘पावती आणि नोंदणीचे कागद दाखवा, मग बघू,’ एवढंच बोलायचं ठरलं होतं. त्यांनी आधी किंमत निम्मी केली, मग ‘तुमच्यासारख्यांना कलेची कदर नाही’ म्हणाले आणि फोन ठेवला.

परवा वेलाचेरीहून फोन आला. हॉलच्या भिंतीवर एक एचिंग लागलं आहे. पावसात भिजलेली नारळाची झाडं आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या विजेच्या तारा. सही, प्रत क्रमांक, पावती, सगळं व्यवस्थित. भिंतीच्या मानाने चित्र अंमळ लहानच आहे म्हणे. पण तीन दिवस यजमान येता-जाता त्यासमोर थांबतात. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘हे एवढंसंच? आणि रंग कधी भरणार यात?’